पोरांच्या रक्तातले शिसे एकदा मोजून घ्या

चिकोडीहून निपाणीच्या रस्त्याला लागलात की गाव मागे पडेपर्यंत अधूनमधून गॅरेजे दिसत राहतात. दुपारी दीडच्या सुमाराला त्यातल्या कुठल्याही एका गॅरेजसमोर घटकाभर उभे राहा. मेस्त्री हातातला पाना खाली ठेवतो आणि म्हणतो, "चला रे, भाकरी खाऊन घेऊ." हाताखालचे पोर तेलाचा कापलेला डबा पुढे ओढते. डब्याच्या तळाला चार बोटे पेट्रोल असते. सकाळी त्यात कार्ब्युरेटर धुतलेला असतो, त्यामुळे ते कोऱ्या चहासारखे काळे झालेले असते. पोर त्यात दोन्ही हात बुडवते, मनगटापर्यंत खसाखसा चोळते, चिंधीला पुसते आणि जेवणाचा डबा उघडून भाकरीचा तुकडा मोडते. साबणाची वडी आत कुठेतरी असते. पण ग्रीस साबणाने लवकर सुटत नाही आणि पेट्रोलने झटक्यात सुटते.

मी रक्त काढणारा माणूस. या भागातल्या लॅबमध्ये माझी बत्तीस वर्षे गेली. साखर, हिमोग्लोबिन, थायरॉइड तपासायला लोक सकाळी उपाशीपोटी रांग लावतात. शिसे मोजून द्या म्हणून आलेली माणसे मात्र हाताच्या बोटांवर मोजता येतील. आणि ज्या पोरांचे ते खरोखर मोजायला हवे, त्यांच्यापैकी माझ्या नात्यातले एक सोडले तर एकही माझ्यासमोर आले नाही. म्हणून हे लिहायला बसलो.

तो डबा १९९० सालचा असता तर त्यातल्या पेट्रोलमध्ये शिसे असते. थोडेथोडके नव्हे, लिटरमागे ०.५६ ग्रॅमपर्यंत. ते खनिज तेलातून आपसूक आलेले नव्हते, मुद्दाम घातलेले होते. चढाला इंजिन ठोके मारू लागते, खडखडते, ते थांबावे म्हणून टेट्राएथिल लेड नावाचे शिशाचे संयुग पेट्रोलमध्ये मिसळत. १९२१ मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सच्या थॉमस मिड्गली यांनी हा उपाय शोधला आणि १९२३ पासून ते पेट्रोल पंपावर विकू लागले. पुढच्याच वर्षी न्यू जर्सीत हे संयुग तयार करणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. तरीही ते विकले जात राहिले, जगभर पसरले आणि आपल्या राजदूत, चेतक, लुना, जीप नि फियाटच्या टाक्यांत येऊन पोचले.

शिशाच्या साध्या तुकड्याला हात लावला तर ते कातडीतून फारसे आत जात नाही. हे संयुग जाते. त्या काळात पेट्रोलने हात धुणारे, नळी तोंडात धरून टाकीतले पेट्रोल ओढणारे मेस्त्री आज साठीच्या आसपास आहेत. त्यांतले कितीतरी माझ्याकडे रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी तपासणीला येतात. त्यांचा रक्तदाब शिशामुळेच वाढला असे मी म्हणणार नाही. पण शिशाने रक्तदाब वाढतो हे पक्के आहे, आणि शिशाबद्दल त्यांना कुणी कधी विचारलेच नाही.

एक गैरसमज इथेच काढून टाकतो. निपाणीजवळचा तवंदी घाट चढताना ट्रकांच्या काळ्या धुराने डोळे चुरचुरतात आणि सगळे विष त्यातच आहे असे वाटते. तो धूर वाईट आहेच, पण डिझेलमध्ये शिसे घालत नव्हते. रस्त्याकडेच्या मातीत जे शिसे बसले ते पेट्रोलच्या गाड्यांच्या न दिसणाऱ्या धुरातून. आणि शिसे हा धातू आहे. तो कुजत नाही, उडून जात नाही. वरच्या वितभर मातीत दशकानुदशके तसाच राहतो.

आपल्या देशात शिसे कमी करायला सुरुवात झाली ती जून १९९४ मध्ये, चार महानगरांपासून. एप्रिल १९९५ पासून त्याच चार शहरांत बिनशिशाचे पेट्रोल मिळू लागले, कारण नव्या मोटारींच्या धुराड्यात बसवलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर शिशाने निकामी होत होता. मुलांच्या मेंदूसाठी म्हणून ही घाई झाली असती तर मला जास्त बरे वाटले असते. पण झाले ते चांगलेच झाले. दिल्लीच्या हवेवरून सर्वोच्च न्यायालयात चाललेल्या एम. सी. मेहता यांच्या याचिकेचाही रेटा होता. १९९६ संपेपर्यंत कमी शिशाचे पेट्रोल देशभर पोचले आणि १ फेब्रुवारी २००० पासून शिशाचे पेट्रोल सगळीकडे बंद झाले. जगातला शेवटचा देश अल्जीरिया. तिथे ते जुलै २०२१ मध्ये थांबले.

मग आता काळजी कसली, असे तुम्ही विचाराल. माझा सगळा मुद्दा तिथूनच सुरू होतो.

बेंगळूरच्या जॉर्ज फाउंडेशनने १९९७-९८ मध्ये मुंबई-बेंगळूरसह सात शहरांत वीस हजारांहून अधिक लोकांचे रक्त तपासले. त्या काळी दर डेसिलीटर रक्तात १० मायक्रोग्रॅम ही धोक्याची रेघ मानत. बारा वर्षांखालच्या निम्म्याहून अधिक मुलांचा आकडा त्या रेघेवर निघाला. मुंबईत तर १०० पैकी जवळजवळ ६२ मुले रेघेच्या वर होती. पेट्रोलमधले शिसे बंद झाल्यावर मुंबईतच पुन्हा ७५४ मुलांचे रक्त तपासले, तेव्हा हे प्रमाण ३३ टक्क्यांवर आले होते. पेट्रोल सुधारले आणि दोन-तीन वर्षांत पोरांच्या रक्तातले शिसे उतरले. मोजले नसते तर हे यश कुणाला कळलेही नसते. पण त्याच मोजणीने दुसरीही गोष्ट सांगितली. पेट्रोल स्वच्छ झाल्यावरही तीन मुलांतले एक रेघेवरच होते. त्याच्या अंगात शिसे दुसरीकडून कुठून तरी येत होते.

आता आपल्या उंबऱ्याजवळचे सांगतो. २००६-०७ च्या सुमाराला कराड आणि विजापूर इथल्या वैद्यकीय महाविद्यालयांतल्या जीवरसायनशास्त्रज्ञांनी पश्चिम महाराष्ट्रातल्या तीन धंद्यांतल्या कामगारांचे रक्त तपासले. बॅटरी बनवणाऱ्यांच्या रक्तात सरासरी सुमारे ५३ मायक्रोग्रॅम शिसे निघाले, चांदीचे दागिने घडवणाऱ्यांच्या रक्तात सुमारे ४८, आणि गाड्यांना स्प्रे मारणाऱ्या रंगाऱ्यांच्या रक्तात सुमारे २२. चांदीकाम म्हटले की आपल्याला हुपरी आठवते, आणि हुपरीत सोयरीक असलेली घरे आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. हे आकडे वाईट आहेतच. पण मी तो तक्ता पहिल्यांदा वाचला तेव्हा माझी नजर चौथ्या ओळीवर अडकली. तुलनेसाठी त्यांनी निरोगी, यांतला कुठलाही धंदा न करणारी माणसे घेतली होती. त्यांची सरासरी होती साडेबारा.

जागतिक आरोग्य संघटना २०२१ पासून सांगते की ५ किंवा त्याहून जास्त निघाले तर शिसे कुठून येते ते शोधा आणि बंद करा. आपल्यासारख्या साध्या माणसांची सरासरी त्याच्या अडीचपट होती, आणि तीही शिशाचे पेट्रोल बंद होऊन सहा-सात वर्षे उलटल्यावर. २०२० मध्ये युनिसेफने अंदाज मांडला की ५ च्या वर शिसे असलेली मुले एकट्या भारतात साडेसत्तावीस कोटी असावीत. त्यात चिकोडी-निपाणीची किती, हे आपणच मोजले तर कळेल.

शिसे अंगात गेले की लगेच काही दिसत नाही. ताप येत नाही, पुरळ उठत नाही. मूल थोडे चिडके होते, पोटात दुखते म्हणते, अंगात रक्त कमी दिसते, अभ्यासात मागे पडते. आपण म्हणतो, पोर मठ्ठ आहे, आळशी आहे. गुरुजी पण तेच म्हणतात. मेंदूला झालेले नुकसान नंतर भरून निघत नाही, म्हणून लहान वयातच पाहायला हवे. मोठ्या माणसाने गिळलेल्या शिशातला साधारण दहावा हिस्सा अंगात मुरतो, लहान मुलाच्या अंगात ते निम्म्यापर्यंत मुरते. त्यातून पोर रांगते, बोट तोंडात घालते, माती चाटते.

बायांसाठी आणखी एक गोष्ट. रक्तातले शिसे महिना-दीड महिन्यात निम्मे होते, पण ते सगळेच बाहेर जात नाही. बरेचसे हाडांत जाऊन बसते आणि तिथे वीस-वीस वर्षे राहते. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना हाडातला कॅल्शियम सुटतो, त्याच्याबरोबर ते शिसेही सुटते. आईने लहानपणी घेतलेला धूर असा बाळापर्यंत पोचतो.

आता मोजायचे कसे, ते नीट सांगतो. चुकीचे मोजणे हे न मोजण्यापेक्षा जास्त घोटाळा करते.

माणसाच्या अंगात गेलेले शिसे बघायचे तर शिरेतले रक्त, हाच भरवशाचा मार्ग. केसांची तपासणी करून पंधरा धातूंचा रंगीत रिपोर्ट देणारे लोक असतात, त्यांच्या नादी लागू नका. केसावर बाहेरची धूळ बसते आणि ती धुऊन पुरती जात नाही, त्यामुळे आत काय गेले ते कळत नाही. आधी औषध पाजून मग लघवीतले धातू मोजणारेही भेटतात. त्या औषधाने कुणाचाही आकडा वाढतोच, आणि मग 'शरीरशुद्धी'ची पुडी विकली जाते. तिथून सरळ घरी या.

रक्त घेण्याआधी हात आणि कोपराचा खळगा साबणाने, वाहत्या पाण्याने धुवा. हे मी दहा वेळा सांगेन. माझ्या नात्यातल्या एका पोराचे रक्त एका ठिकाणी बोट टोचून घेतले. पोर गॅरेजातून तसेच उठून आले होते, बोटाच्या रेषांत काळे भरलेले. स्पिरिटचा बोळा फिरवला आणि सुई टोचली. आकडा असा आला की घरात रडारड झाली. मी त्याला दोनदा साबणाने हात धुवायला लावले, शिरेतून रक्त काढले आणि पुढे पाठवले. आकडा निम्म्याहून खाली आला. पहिल्या वेळी त्याच्या अंगातल्याबरोबर त्याच्या बोटावरचे शिसेही मोजले गेले होते. बोट टोचून पाहणे चाळणी म्हणून ठीक आहे, पण जास्त आले तर शिरेतल्या रक्ताने खात्री केल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवू नका.

नळीचेही तसेच. धातू मोजायचे तर 'ट्रेस एलिमेंट'ची, गडद निळ्या टोपणाची नळी लागते. फिकट निळ्या टोपणाची वेगळी, ती रक्त गोठण्याच्या तपासणीसाठी. साध्या नळीच्या बुचात किंवा काचेतच थोडा धातू असू शकतो. तुम्ही विचारले म्हणून लॅबवाला रागावणार नाही, आणि रागावला तर दुसरीकडे जा. नमुना बेळगाव किंवा कोल्हापूरहून बहुधा पुढच्या मोठ्या प्रयोगशाळेत जातो, चार-आठ दिवस लागतात. रिपोर्टवर आकड्यापुढे काय लिहिले आहे ते पाहा. काही प्रयोगशाळा डेसिलीटरमध्ये देतात, काही लिटरमध्ये. लिटरमागे ५० आणि डेसिलीटरमागे ५ ही एकच गोष्ट आहे. ५० वाचून छाती बडवून घेतलेले बाप मी पाहिलेत, आणि लिटरमधला समजून डेसिलीटरमधला ४० सोडून देणारेही.

मोजले की संशय कसा पालटतो, याचे एक उदाहरण सांगतो. शिशाची जागा घ्यायला दुसरे धातूही पेट्रोलमध्ये आले. त्यांतला एक मँगेनीज, एमएमटी या नावाच्या संयुगातून. कॅनडात ते १९७६ पासून वापरू लागले. मँगेनीज आपल्याला अन्नातून थोडे लागतेच. पण श्वासातून गेलेले मेंदूत साचते, हात थरथरतात, चाल बिघडते. मँगेनीजच्या खाणींत आणि वेल्डिंगच्या धुरात राबणाऱ्यांना हा त्रास होतो. आणि याचे मोजमाप शिशासारखे रक्तावरून जमत नाही, कारण शरीर रक्तातले मँगेनीज बऱ्यापैकी ठरावीक पातळीवर राखते. म्हणून टोरांटोत १९९०च्या दशकात शेकडो लोकांच्या कमरेला छोटा पंप आणि गळ्याशी गाळणी बांधली आणि ते दिवसभर काय श्वासात घेतात ते पकडले. संशय पेट्रोलवर होता. ज्यांच्या गाळणीवर मँगेनीज जास्त निघाले त्यांतले बरेच जण भुयारी रेल्वेने जाणारे होते. रुळाच्या पोलादाची झीज ते श्वासात घेत होते. पंप बांधला नसता तर हे ध्यानातही आले नसते.

म्हणून माझे म्हणणे आहे की रस्त्यालगत राहता एवढ्यावरून रस्त्यालाच दोषी धरू नका, आणि रस्त्यापासून लांब राहता म्हणून निर्धास्तही होऊ नका. रक्त मोजा, आणि जास्त निघाले तर घरातल्या एकेका वस्तूकडे बोट दाखवत चला. गल्लीत कुणी जुन्या बॅटऱ्या फोडून प्लेटा वितळवतो का? वडील बॅटरीच्या, रंगाच्या, चांदीच्या कामाला आहेत का आणि कामाचेच कपडे घालून पोराला कडेवर घेतात का? भांड्यांना कल्हई कुणाकडून करून घेता? घरगुती रंगांत शिशावर ९० पीपीएमची मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून आहे, पण ट्रॉलीला आणि लोखंडी गेटला मारायचे कारखानी रंग त्या नियमात बसत नाहीत. कर्नाटकी बेंदराला त्याच डब्यातला उरलेला रंग पोरे बैलाच्या शिंगांना लावतात आणि तसल्याच हातांनी पोळी खातात.

हळदीचे वेगळे सांगायला हवे, कारण हळद आपल्याच शेतात पिकते आणि सांगलीच्या पेठेत जाते. शेतातल्या हळकुंडाला दोष नाही. नंतर ती जास्त पिवळी दिसावी म्हणून कुणी शिशाचा पिवळा रंग पॉलिशमध्ये घालतो, तिथे घात होतो. बांगलादेशात गरोदर बायांच्या रक्तातल्या शिशाचा माग काढत गेलेले संशोधक २०१९ मध्ये थेट हळदीपाशी पोचले. सरकारने गिरण्यांवर धाडी घातल्या, पेठेतच यंत्राने हळद तपासली, आणि दोन वर्षांत तिथल्या बाजारातल्या नमुन्यांतली भेसळ ४७ टक्क्यांवरून शून्यावर आली. आपण शक्यतो ओळखीच्या शेतकऱ्याचे हळकुंड घेऊन घरी किंवा डोळ्यांदेखत गिरणीत दळावे. फार चकचकीत पिवळे दिसते म्हणून घेऊ नये.

आणि तंबाखू. निपाणीच्या वखारींवर आणि विड्यांवर ज्यांची पोटे भरली, त्यांना तंबाखूविरुद्ध सांगणे मला जड जाते. १९८१ मध्ये तंबाखूच्या भावासाठी निपाणीच्या महामार्गावर ठाण मांडून बसलेली माणसे ही. पण तंबाखूचे रोप जमिनीतले कॅडमियम पानात ओढून घेते, थोडे शिसेही. विडी ओढणाऱ्याच्या रक्तात हे धातू न ओढणाऱ्यापेक्षा जास्त असतात. तेव्हा रक्त देताना विडी, मशेरी, तंबाखू यातले काय चालते ते खरे सांगा, बायांनीसुद्धा. सासूसमोर मशेरीचे नाव काढायला सूनबाई लाजते आणि तिच्या रक्तातले धातू गाड्यांच्या खात्यावर मांडले जातात. मी विचारतो तेव्हा बाकीच्यांना बाहेर पाठवतो. प्रत्येक लॅबने तसेच करावे, आणि विचारायचा कागद मराठीत असावा आणि कन्नडमध्येही.

आकडा जास्त आला तर घाबरून कुठलेही भस्म आणू नका. नागभस्म शिशाचेच असते. रक्तातून शिसे ओढून काढणारे औषध आहे, पण ते मुलांना डेसिलीटरमागे साधारण ४५ च्या पुढे, डॉक्टरांच्या देखरेखीखाली द्यायचे असते. त्याखाली खरा उपाय एकच, शिसे येण्याचे दार शोधून बंद करणे, आणि तीन-चार महिन्यांनी पुन्हा मोजणे. पोटाकडेही बघा. ज्या पोराच्या अंगात लोह आणि कॅल्शियम कमी, त्याचे शरीर शिसे जास्त शोषते. रिकाम्या पोटीही जास्त शोषले जाते. म्हणून न्याहारी केल्याशिवाय पोराला शाळेला पाठवू नका. नाचणीची भाकरी, दूध, पालेभाजी, वर लिंबाची फोड, हे औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या कुठल्याही पुडीपेक्षा उपयोगी आहे. रस्त्याकडेचे घर असेल तर जमीन झाडून धूळ उडवण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा. पायताण दाराबाहेर काढा.

मेस्त्रीमामांनो, तुमच्याशी थोडे बोलायचे आहे. आजच्या पेट्रोलमध्ये पूर्वीसारखे शिसे नाही हे खरे. पण त्यात बेंझीन असते, तेही कातडीतून आणि श्वासातून आत जाते, आणि रक्ताचा कर्करोग करते. हात धुवायला पेट्रोल वापरू नका. आधी खोबरेल किंवा गोडे तेल चोळून ग्रीस सोडवा, मग साबण आणि भुसा लावून धुवा. पाच मिनिटे जास्त लागतील. नळी तोंडाने ओढू नका, हातपंप फार महाग नसतो. ऑक्टेन वाढवते म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटलीवर आत काय आहे ते लिहिले नसेल तर गिऱ्हाईकाच्या टाकीत ती ओतू नका. जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊन शे-दोनशे जास्त मिळतात, पण ती फुटते कुणाच्या तरी घरामागे. नव्या बॅटरीच्या बदल्यात जुनी दुकानदाराकडेच परत जाऊ द्या. २०२२ च्या नियमांनी ती परत घेऊन नीट मार्गी लावण्याची जबाबदारी बनवणाऱ्यांवर टाकली आहे. आणि हाताखालच्या पोराला निदान वर्षातून एकदा तुमच्या खर्चाने रक्त तपासायला पाठवा. त्याचे आईबाप तुमच्या भरवशावर त्याला सोडून गेलेत.

साखर कारखान्यांच्या संचालकांनी गळीत हंगामाआधी ट्रॅक्टरवाल्यांच्या, वेल्डरांच्या, रंगाऱ्यांच्या डोळ्यांची तपासणी करतात तशी त्यांच्या रक्तातल्या शिशाचीही करावी. ग्रामपंचायतींनी अंगणवाडीच्या अंगणातली माती एकदा तपासून घ्यावी, विशेषतः जुन्या महामार्गाला लागून असलेल्या गावांनी. आमच्या डॉक्टरमंडळींना हात जोडून विनंती आहे. रक्त कमी असलेले, पोट दुखते म्हणणारे, अभ्यासात मागे पडणारे मूल समोर आले की लोहाची बाटली जरूर लिहा. पण बाप काय काम करतो, हेही विचारा आणि चिठ्ठीवर एक ओळ वाढवा: 'रक्तातील शिसे'.

आईबापांनी डॉक्टरांची वाट पाहू नये. घरात सहा वर्षांखालचे मूल असेल, किंवा सून गरोदर असेल, आणि घरातले कुणी बॅटरी, रंग, चांदी, वेल्डिंग किंवा गॅरेजच्या कामाला असेल, तर या महिन्यातच तपासून घ्या. सकाळी या, हात साबणाने धुवून या, पोराला खायला घालून आणा. या तपासणीला उपाशीपोटी यावे लागत नाही.